बाईसाहेबांचं माप

मास्तरांनी उभ्या जन्मात घरच्या माणसाचं ऐकलं असेल तर ते चुकून. गिऱ्हाइकाचं मात्र ऐकायचे. गिऱ्हाईक म्हणालं, बाही जरा आखूड करा, की बाही आखूड व्हायची. तेच बायकोने सुचवलं तर "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून होती तेवढीच ठेवायचे, आणि मग गिऱ्हाईक कुरकुरलं की तिची पाठ वळल्यावर गुपचूप आखूड करायचे. याचं वाईट वाटून घेणं काकूंनी केव्हाच सोडलं होतं. पिकतं तिथे विकत नाही, एवढं म्हणायच्या आणि काज करायला बसायच्या.

पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान, मागच्या खोल्यांत घर. कापणं आणि शिवणं मास्तरांचं. काज-बटण, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांशी गप्पा काकूंच्या. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची, तर आपणही काकूच म्हणू. मशीन पायाचं. मुलगा परगावी नोकरीला होता, तो दर सुट्टीत येऊन सांगायचा, बाबा, मोटर बसवून घ्या. मास्तर म्हणायचे, "मोटरला काय कळतं, खांदा कुठे वळतो ते? पायाला कळतं. पाय तिथे आपोआप हळू होतो." मुलगा गप्प बसायचा, कारण मास्तरांनी शिवलेला कोट त्याच्याच अंगावर असायचा आणि त्या कोटाचा खांदा बघून कुणाला बोलायला जागा नसायची.

आणि तोच पाय दगा देऊन बसला. उजवा गुडघा झिजून झिजून असा झाला की मास्तर पायडल मारताना ओठ चावायचे आणि विचारलं की म्हणायचे, काही नाही. शेवटी एक दिवस खुर्चीवरून उठता येईना. ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसवला. तो बसला चांगला, पण भूल काही मास्तरांना मानवली नाही. शुद्धीवर आले ते संध्याकाळपर्यंत काकूंना ओळखेनात. आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत राहिले. काकू त्यांचा हात धरून "हो, मीच आहे" म्हणत राहिल्या, आणि नंतर दवाखान्याच्या जिन्यात बसून रडून घेतलं.

म्हणूनच घरी सोडताना डॉक्टर जे बोलले ते त्यांच्या काळजात रुतून बसलं. डॉक्टर म्हणाले, "दीड महिन्याने दाखवायला आणा. तोवर गुडघा काटकोनात वाकला पाहिजे. रोज व्यायाम केला तर वाकतो. नाही वाकला, तर पुन्हा भूल देऊन आम्हाला तो वाकवावा लागेल."

पुन्हा भूल. काकूंना बाकीचं काही ऐकूच आलं नाही.

आता घरात व्यायाम करवून घेणार कोण? काकूंनी सांगून बघितलं, पालथ्या घड्यावर पाणी. सुनेने सांगून बघितलं, तर मास्तरांनी वर्तमानपत्र वर केलं आणि त्याच्या मागे गेले.

सुनेची एक वेगळीच अडचण होती. लग्न होऊन पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलं तेव्हा तिच्या अंगात रेडीमेड कोट होता. दुकानातून आणलेला, तयार. मास्तरांनी दारातच त्याची खांद्याची शिवण पाहिली आणि काही बोलले नाहीत. तिनेही कधी म्हटलं नाही, बाबा, मला काही शिवून द्या. तिला वाटायचं, गिऱ्हाइकांची कामं तुंबलेली असतात, आपण कशाला मध्ये पडा. मास्तरांना वाटायचं, हिला आपलं शिवलेलं नकोय. दोघांचाही मनात अबोला, आणि वरून "चहा घेतला का बाबा", "घेतला" एवढंच. काकूंनी कितीदा मध्ये पडायचं ठरवलं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी हात टेकले.

ती सून काम करायची ते मोबाईलच्या ॲपचं. कंपनी लहानशी, याच गावातली, म्हणून नवरा परगावी असूनही ती इथेच राहायची; आणि ॲप नेमकं गुडघ्याचं. ऑपरेशन झालेल्या लोकांना रोजचे व्यायाम दाखवणारं, एकेक करून घेणारं. आठवड्यातले काही दिवस ती घरूनच, मागच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर बसून काम करी. तिचं काम काय, ते काकूंना पहिल्यांदा कळलंच नव्हतं.

"मी बोलणं लिहिते, आई," सून म्हणाली होती. "माणूस ॲपमध्ये आला की त्याला पडद्यावर दोन ओळी दिसतात. त्या मी लिहिते."

"म्हणजे ते टिंग टिंग वाजतं ते?"

"ते नाही. ते बाहेरून दार वाजवणं झालं. माणूस कामात असतो, जेवत असतो, आणि आपण दार वाजवतो. वैतागतो तो. माझं बोलणं आत आलेल्या माणसाशी. तो आपणहून आलाय, आता त्याला पाणी विचारायचं, कुठे बसायचं ते दाखवायचं, आणि ज्या कामाला आलाय त्या कामाला लावायचं. फार बोललं तर उठून जातो. काहीच नाही बोललं तरी जातो."

दुकानात उभी हयात गेलेल्या बाईला हे लगेच पटलं. पण पटणं वेगळं आणि बघणं वेगळं. काकूंनी बघितलं ते असं, की सून दोन ओळींसाठी सबंध दुपार घालवते. लिहिते, मोठ्याने वाचते, खोडते. "आई, हे ऐका," म्हणते. पहिल्यांदा ती वाचायची, "व्यायामाची वेळ झाली आहे, कृपया सुरुवात करा." काकू म्हणायच्या, बरं आहे. सून म्हणायची, "बरं नाहीये. ही सरकारी कचेरीतली पाटी आहे." मग पुन्हा लिहायची. संध्याकाळी तिच्या हाती काय उरायचं, तर: "आलात? बसा. गुडघा बरोबर आणलाय ना?"

काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांना जाणवलं की आपल्या पायाचा अंगठा उगीचच हलला. एवढ्याशा ओळीत माणसाला हलवायची ताकद होती. अशी बोटं त्यांनी एकाच माणसाची पाहिली होती, आणि तो माणूस पुढच्या खोलीत बसून या पोरीशी धड बोलत नव्हता. काकूंना सुनेचं असं कौतुक वाटलं की पुढचे दोन दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला त्या ते मास्तरांच्या कानाआड सांगत सुटल्या.

मास्तरांना मात्र हे सांगायचं नाही असं सासू-सुनेत ठरलं. सुनेचं ॲप म्हटलं असतं तर त्यांनी फोनच पाण्याच्या बादलीत टाकला असता. सुनेने घरी येणाऱ्या फिजिओला गाठलं. फिजिओ म्हणजे गुडघ्याचे व्यायाम शिकवणारा, मोठाल्या हातांचा, शांत माणूस. त्याने आपलं म्हणूनच मास्तरांच्या फोनवर ॲप घालून दिलं. "रोज उघडायचं," तो म्हणाला. "व्यायाम केला की 'झालं' दाबायचं." मास्तर त्याला "बरं साहेब" म्हणाले. बाहेरचा माणूस ना तो.

काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण या वेळी त्यांनी तो भिजवला.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी आतून हाक मारली. "अगं, इकडे ये. ही बाई बघ काय म्हणते."

काकू कात्री हातात घेऊनच गेल्या. मास्तर चष्मा नाकावर ओढून वाचत होते: "काल दिसला नाहीत. मी रागावले नाही. पण गुडघा विचारत होता."

"कोण बाई?" काकूंनी साळसूदपणे विचारलं.

"फोनमधली. बाईच असणार. पुरुषाला एवढ्या थोडक्यात टोमणा मारता येत नाही." आणि मास्तर चक्क हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

त्या दिवसापासून ती बाई घरात राहायलाच आली म्हणा ना. मास्तर तिला बाईसाहेब म्हणू लागले. जेवताना बाईसाहेबांची गोष्ट, चहाला बाईसाहेबांची गोष्ट. "आज बाईसाहेब म्हणाल्या, दुखतंय तिथे थांबा, पण दुखेल म्हणून थांबू नका. काय बोलली बघ. एक शब्द काढून दाखव यातला." सून समोर बसून मान खाली घालून जेवत असायची, आणि तिचे कान लाल झालेले काकूंना दिसायचे. एकदा तर मास्तर थेट तिलाच म्हणाले, "तूही काहीतरी लिहितेस म्हणे ऑफिसात. या बाईचं वाचत जा जरा. शिकशील." काकूंना ठसका लागला. सून म्हणाली, "वाचते, बाबा." आणि उठून आत गेली. काकूंना वाटलं रडायला गेली की काय, जाऊन बघतात तर पोरगी उशीत तोंड खुपसून हसत होती.

एकदा मास्तर म्हणाले, "या बाईला एक कोट शिवून द्यायला पाहिजे. पण माप कुठून आणायचं?"

तिकडे सुनेच्या कंपनीतही आनंदीआनंद होता. तिच्या साहेबांचा फोन यायचा आणि त्यांचा आवाज काकूंपर्यंत ऐकू यायचा. लोक ॲप पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा उघडतायत, दिवसातून पाच पाच वेळा येतायत, 'झालं' दाबतायत, हे सगळं तुझ्या बोलण्याने. असंच आणखी लिही, चुरचुरीत. सून "हो सर" म्हणायची आणि फोन ठेवून क्षणभर नुसती बसायची, पोटभर जेवलेल्या माणसासारखी. काकूंना वाटायचं, सुंठीवाचून खोकला गेला. नवरा व्यायाम करतोय, सुनेचं नाव होतंय, आणखी काय हवं?

मग एके दुपारी काकू पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घ्यायला आत आल्या.

मास्तर पलंगावर बसले होते. उजवा पाय पुढच्या स्टुलावर सरळ, ताठ. हातात फोन. ते 'झालं' दाबत होते, वाचत होते, गालातल्या गालात हसत होते, आणि पुन्हा 'झालं' दाबत होते. टाचेखाली घालून पाय मागे ओढायचा टॉवेल शेजारी होता. सकाळी काकूंनी जशी घडी घातली होती, तशीच्या तशी.

काकू दोरा न घेताच बाहेर आल्या. गिऱ्हाइकाला म्हणाल्या, उद्या या.

संध्याकाळी फिजिओ आला. त्याने गुडघ्याला कोनमापक लावून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मास्तर, मागच्या खेपेला होता तिथेच आहे. ॲपवर तर तुमचा रोजचा व्यायाम पूर्ण दिसतोय." मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. फिजिओ दारात काकूंना हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरांकडे जायला फार दिवस नाहीत आता. असंच राहिलं तर भूल द्यावी लागणार."

तो गेल्यावर काकूंनी नवऱ्याला फैलावर घेतलं. चांगलंच घेतलं. लबाडी कशाला करता, लहान मूल आहात का, मला परत त्या जिन्यात बसवायचंय का. मास्तर ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "तुला नाही कळायचं." काकूंचा पारा चढला. पण त्यांच्या डोळ्यांत बघितलं तर तिथे लबाडी नव्हतीच. भीती होती. इतक्या वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट काकूंनी त्यांच्या तोंडावर फार थोड्या वेळा पाहिली होती.

काकूंनी स्वयंपाकघरात सुनेला सगळं सांगितलं. सांगताना त्यांना वाटत होतं, पोरीला लागेल. तिच्या कामाचं एवढं कौतुक चाललेलं, आणि आपण त्यात माती कालवतोय.

सून ऐकत गेली तशी खाली खुर्चीवर बसली.

"म्हणजे ते माझं बोलणं वाचायला येतात," ती म्हणाली. "'झालं' दाबलं की मी शाबासकी देते. म्हणून दाबतात." मग म्हणाली, "आई, हे फक्त बाबाच करत असतील असं नाही. सगळीकडे लोक ॲप उघडतायत आणि आम्ही टाळ्या पिटतोय. गुडघे वाकतायत का, हे कुणी बघितलंच नाही. मी पण नाही."

"अगं, तुझं काय चुकलं त्यात? एवढं छान लिहितेस."

"छान लिहिते, तेच चुकलं. आलेल्या माणसाला मी गप्पांत बसवून ठेवलं. कामाला लावलंच नाही." मग तिने विचारलं, "आई, बाबांना कसली भीती वाटते?"

"सांगतील तर शपथ. म्हणाले, तुला नाही कळायचं."

"मी पण कधी विचारलं नाही," सून म्हणाली. "इतके दिवस मी नुसती बोलतेय. एकदाही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना फोन लावला, आणि काकू दार लोटायला विसरल्याचं निमित्त करून ऐकत राहिल्या. साहेबांचा आवाज चढला. लोक ज्यासाठी येतात तेच काढून टाकतेस? आकडा खाली येईल, वरच्यांना मी काय सांगू? सून म्हणाली, "आकडा खाली येईल, सर. मला माहितीये. पण आपण गुडघे वाकवायला बसलोय, हसवायला नाही. मला थोडे दिवस द्या. नाही जमलं तर परत जुनं लावा, आणि चूक माझी म्हणून सांगा." काकूंना वाटलं, आपण जन्मभर गिऱ्हाइकांपुढे तोंड चालवलं, पण स्वतःच्या सगळ्यांत चांगल्या कामावर स्वतःच्या हाताने कात्री चालवायची हिंमत आपल्यात नव्हती. मास्तरांतही नव्हती. ती या पोरीत होती.

साहेबांनी कुरकुरत होकार दिला. मग तिने फिजिओला गाठलं, डॉक्टरांना गाठलं, आणि टेबलाशी बसली. या खेपेला ती मोठ्याने वाचत नव्हती. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "या वेळी मी फार थोडं बोलणार आहे. एक प्रश्न विचारणार आहे फक्त."

"आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते तुला दिसेल का?"

"नाही, आई. कितीजणांनी काय दाबलं एवढं दिसेल. कुणी दाबलं ते नाही. आणि दिसलं असतं तरी मी बाबांचं बघितलं नसतं. ते त्या बाईला विश्वासाने सांगतील, सुनेला नाही."

काकूंना हे फार आवडलं. थोडी निराशाही झाली, कारण त्यांनी स्वतः नक्की बघितलं असतं.

नवा मजकूर आला त्या सकाळी काकू मागच्या दारात मटार सोलायचं सोंग करून बसल्या. मास्तरांनी चष्मा लावला, फोन उघडला. हसले नाहीत. कपाळाला आठी पडली. मग त्यांनी मोठ्याने वाचलं, स्वतःशीच:

"आज गप्पा नाहीत. एकच विचारते. वाकवताना मनात काय येतं?"

खाली उत्तरं होती, एकावर बोट ठेवायचं. काकूंना लांबून ती वाचता येत नव्हती. मास्तरांचा अंगठा एका उत्तराच्या वर जाऊन थांबला. बराच वेळ थांबला. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मास्तरांनी एकदा दाराकडे बघितलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून, आणि काकूंनी मान खाली घातली. मग त्यांनी अंगठा टेकवला.

पडद्यावर काहीतरी आलं. मास्तर वाचू लागले, आणि या खेपेला आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. फोन उशीवर पालथा ठेवला. पँटचा पाय वर सरकवून गुडघ्यावरच्या त्या लांब रेघेकडे बघत राहिले, तिच्यावरून बोट फिरवलं, जसं ते नेहमी शिवण झाल्यावर कापडावरून फिरवायचे. मग टॉवेलची घडी मोडली, टाचेखाली घातला आणि ओढला.

दुखलं. चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पुन्हा ओढला.

काकू उठून आत गेल्या आणि नळ सोडून तोंड धुतलं, म्हणजे कुणी विचारलं तर पाणी पाण्यात जाईल.

काय दाबलं होतं, ते मास्तरांनी स्वतःच सांगितलं, पण चार दिवसांनी, काकू गुडघ्याला बर्फ लावत असताना. "मला वाटत होतं, टाका उसवेल," ते म्हणाले. "नव्या शिवणीवर कुणी ताण देतं का? आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो? इतकं बारीक काम त्या डॉक्टराने केलं, आणि हा फिजिओ म्हणतो ओढा. मला वाटलं, यांना शिवणीतलं काय कळतंय."

काकूंनी कपाळाला हात लावला. म्हणजे या माणसाने लबाडी केलीच नव्हती. उलट, दुसऱ्या कारागिराचं काम जपत बसला होता. "मग मला का नाही सांगितलंत?"

"हसली असतीस."

खरं होतं. हसल्या असत्या.

"बाईसाहेब नाही हसल्या," मास्तर म्हणाले. "उत्तरांमध्ये लिहिलंच होतं, टाके उसवतील अशी भीती वाटते. म्हणजे आणखी कुणाला तरी वाटत असणार, नाहीतर लिहिलं कशाला असतं? आणि दाबलं तर म्हणाल्या, कातडीचे टाके निघाले, जखम भरली. हा गुडघा कापडासारखा नाही. हा न वाकवता ठेवला तरच बिघडतो. डॉक्टरांनाही विचारून सांगतेय." त्यांनी बर्फाची पिशवी जरा सरकवली. "झालं. एवढं कुणी सांगितलं असतं तर कधीच ओढला असता."

काकूंनी रात्रीच्या जेवणानंतर हे सुनेच्या कानावर घातलं. तिने सांगितलं, की त्या एका उत्तरावर लोकांची नुसती रीघ लागली होती. मास्तर काही एकटे नव्हते. ॲप उघडण्याचा आकडा उतरला होता, साहेबांनी दोनदा विचारणाही केली होती. मग फिजिओंकडून मापं यायला लागली, गुडघे वाकत होते, आणि साहेब गप्प झाले. आणखी थोड्या दिवसांनी त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं, की आता कुठलंही नवं बोलणं लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायचा, हा कंपनीचा नियम.

डॉक्टरांनी गुडघा हातात घेऊन वाकवला तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले होते. "काटकोनाच्या पुढे," डॉक्टर म्हणाले. "कशाला हवी भूल?" काकूंनी डोळे उघडले आणि डॉक्टरांना काय म्हणाल्या ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही.

घरी आल्यावर मास्तर कपडे न बदलता दुकानात गेले. मशीनवरचं कापड काढलं, स्टूल ओढलं, बसले, उजवा पाय पायडलवर ठेवला. एक चिंधी सुईखाली घातली. मशीन आधी अडखळत चाललं, मग सरळ, आणि वळणावर आपोआप हळू झालं. काकू आणि दवाखान्यातून बरोबरच परतलेली सून आतल्या दारात उभ्या राहून नुसतं ऐकत होत्या.

"इकडे या दोघी," मास्तर मशीन थांबवून म्हणाले. फोन काढून सुनेकडे दिला. "यात खाली लिहायची जागा आहे, काही कळवायचं असेल तर. मला टाईप करायला वेळ लागतो. तू लिही. बाईसाहेबांना."

सुनेने फोन घेतला. "सांगा, बाबा."

मास्तरांनी घसा साफ केला. "लिही. माझा पाय चालू झाला. टाका उसवला नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून. मला कुणी विचारलंच नव्हतं." सुनेची बोटं चालत होती. मास्तर कात्रीशी चाळा करत थांबले, आणि मग म्हणाले, "आणि असं लिही, की तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल, तर तो तुमचं ऐकतो का? नसेल ऐकत, तर त्याला म्हणावं, मला येऊन भेट. मी सांगतो त्याला, तुझ्या घरात कोण आहे ते."

सुनेची बोटं थांबली. तिने मान वर केलीच नाही. फोनच्या काचेवर एक थेंब पडला आणि तिने तो बाहीने पुसला.

आता काकूंच्या तोंडात तीळ किती दिवस भिजणार? त्या म्हणाल्या, "ऐकतो हो. उशिरा ऐकतो, पण ऐकतो."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं, तिच्या खाली घातलेल्या मानेकडे, लाल झालेल्या कानांकडे, आणि अंगातल्या त्या रेडीमेड कोटाकडे, ज्याचा खांदा इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांना खुपत होता.

मशीनच्या कडेला हात टेकून ते उठले. गुडघा वाकला, सरळ झाला. त्यांनी खुंटीवरचा टेप काढला आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"नीट उभ्या राहा, बाईसाहेब," मास्तर म्हणाले. "माप घेतो."